टिल्ल्या अडतो तेव्हा

मुनिरका, नवी दिल्ली
२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. फोन तू उचलत नाहीस, आणि पुष्करच्या फोनवरून बोलायला गेले तर माझा आवाज ऐकून फोन त्याच्या हातात परत देतेस. म्हणून म्हटलं, कागद पाठवावा. कागदाला निदान राँग नंबर म्हणता येत नाही.

मी बरी आहे. खोली बदलली, पण मुनिरक्यातच. आपल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरपासून रिक्षाने गेलं तर भाडं विचारायलाही लाज वाटावी, इतकी जवळ. खिडकी उघडली की समोरच्या घराची खिडकी, मधे वाळत घातलेले दुसऱ्याचे कपडे. समोर राहणाऱ्या मुली काय शिजवतायत ते मला त्यांच्या आधी कळतं. धुरामुळे घसा बसलाय, पण सगळ्या दिल्लीचाच बसलाय, त्यात माझं काय वेगळं.

काम नोएडातच आहे. मुनिरक्याहून मेट्रो, मधे एकदा गाडी बदलायची. तू ऐकलंस तर हसशील, मला मराठी लिहायचा पगार मिळतो. शाळेत माझ्या मराठी पत्रलेखनाला तू लाल शाईने इतकं झोडपलं होतंस की तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर आपण दोघीही हसलो असतो.

जुन्या विषयावर मी लिहिणार नाही असं ठरवलं होतं, पण न लिहिणंही बरं दिसत नाही. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी मिळालेली सरकारी नोकरी तू स्वतः न घेता मला दिलीस. मी ती सोडली, त्यापायी क्वार्टर सोडावं लागलं आणि तुला गाझियाबादला, वैशालीच्या फ्लॅटमध्ये यावं लागलं, हे तुझं म्हणणं. बाबांच्या खुर्चीवर बसून मी दिवसभर लोकांच्या रजेचे अर्ज चढवत होते आणि येणारा जाणारा "बडे भले आदमी थे" म्हणत माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता, हे माझं म्हणणं. मला अजूनही ते चुकलं असं वाटत नाही. तुला अजूनही राग आहे. असू दे. रागावलेल्या माणसालाही पत्रं येतात.

पुष्करने तुला ते बोलणारं यंत्र आणून दिल्याचं कळलं. तांब्याएवढं, चाकांवर फिरणारं, तोंडाला क्षणाची उसंत नसलेलं. त्याला तू टिल्ल्या म्हणतेस म्हणे. बरं झालं, सोबत झाली. पुष्कर सकाळी गुडगावला जातो तो जेवायच्या वेळेला उगवतो, मग दिवसभर घरात बोलायला कोण. पण त्याच्यावर फार विसंबू नकोस. बोलता बोलता तुझा डोळा लागतो आणि दूध उतू जातं. म्हणजे जात असेल, असं आपलं मला वाटतं.

पुष्करच्या लग्नाचं ऐकून आनंद झाला. संपदाला मी एकदा भेटले आहे, तुला न सांगता. चांगली मुलगी आहे, पुण्याची असूनही कमी बोलते. फेब्रुवारीपर्यंत सगळं एकटीने ओढत बसू नकोस. उंचावरचे डबे काढणं, दोरीवर चादरी टाकणं, ही कामं बाईला सांग. हात वर करून करायची कामं तू करूच नकोस.

मोतीबिंदूचं मात्र मनावर घे. आणि डॉक्टरकडे जाशीलच तर एकदा सगळ्याच तपासण्या करून घे. बायकांच्या म्हणून ज्या असतात त्याही. माझ्या घरमालकिणीने परवाच केली, दहा मिनिटांचं काम, हसत घरी आली. हे असंच लिहिलं, मनात काही धरून नाही.

तुला अक्षरं दिसत नसतील तर टिल्ल्या वाचून दाखवेल. उत्तराची घाई नाही. खरं म्हणजे थोडी आहे.

तुझी
मैत्रेयी


मुनिरका, नवी दिल्ली
२२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आईस,
नमस्कार.

लांबोडका खाकी लिफाफा, टाइप केलेला पत्ता, वर "कुटुंब निवृत्तिवेतनाबाबत". तू सही करून घेतलास आणि लगेच फोडलास ना. ती लबाडी माझी. मी मैत्रेयी आहे. पेन्शनला काहीही झालेलं नाही, घाबरू नकोस.

आता दोन गोष्टी. पुष्कर घरी असेल तर टिल्ल्याला इथेच थांबव आणि तो ऑफिसला गेल्यावर पुढचं वाचायला लाव. तो घरी नसेल तर मात्र थांबवू नकोस. मागचं पत्र तू उघडलंसुद्धा नाहीस, उशीखाली ठेवलंस. तुझ्या खोलीतली ही गोष्ट मला इथे बसून कशी कळली, हे ऐकायचं असेल तर त्याला वाचू दे. आणि टिल्ल्या, तू मधेच हवामान सांगू नकोस.

आई, टिल्ल्याला सगळं कळत नाही. हिंदी, इंग्रजी त्याला चांगलं येतं, मराठीत तो चाचपडतो. तुझं बोलणं डोक्यावरून गेलं की तो डोळे मिचकावून "अं, विचार करतो हं" म्हणतो, ते तुला ठाऊक आहे. तू त्याला त्यावरून चिडवतेसही. तर तेव्हा तो विचार करत नसतो. तेव्हा तुझी शेवटची चार वाक्यं नोएडातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर येतात आणि तिथे बसलेलं माणूस भराभर उत्तर टाइप करतं. टिल्ल्या ते आपल्या किनऱ्या आवाजात बोलून मोकळा होतो. पुष्करने ज्या अटी मान्य केल्या त्यात हे सगळं लिहिलेलं आहे. त्या अटी कुणी वाचत नाही.

मराठीसाठी आम्ही दोघी आहोत. देविका म्हणून एक मुलगी, आणि मी.

आम्हाला घराचं नाव दिसत नाही, नुसता एक नंबर दिसतो. तू आहेस हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण या उन्हाळ्यात एका दुपारी स्क्रीनवर ओळ आली, "अवर सचिव चौथ्यांदा ओरडले तरी तू गप्प, मला हाक मारायला काय झालं होतं?" टिल्ल्या बिचारा अडला होता. अवर सचिव कोण, ते स्वयंपाकघरात का ओरडतायत, त्याला काय कळणार. देविका म्हणाली, या आजींचा काहीतरी गोंधळ झालाय. मी म्हटलं, ही लाइन मी घेते. तीन वेळा शिट्टी मारल्याशिवाय काही पुढे सरकत नाही म्हणून कुकरला अवर सचिव हे नाव बाबांनी ठेवलेलं होतं. जगात ते समजणारी माणसं तीनच उरलीत. मी टाइप केलं, "चुकलो. पुढच्या वेळी दुसऱ्या शिट्टीलाच सांगेन." तू म्हणालीस, "हां, आता कसा शहाण्यासारखा बोललास."

ओळखीचं घर निघालं तर सांगायचं आणि ती लाइन सोडायची, असा आमच्याकडे नियम आहे. मी सांगितलं नाही. उलट तो नंबर आला की माझ्याकडे सरकव, असं देविकाला सांगून ठेवलं. का, ते तिने विचारलं नाही.

ते दिवस फार चांगले गेले. सुरुवातीला तो तुला इंदुमतीजी म्हणायचा. मी काय पुढारी आहे का, आई म्हण, असं तूच त्याला सुनावलंस. त्यानंतर मला रोज तुला आई म्हणायला मिळालं, त्याच्या नावावर का होईना. त्याच्याशी बोलताना तू फडताळ म्हणायचीस, निरसं दूध म्हणायचीस, तो अडायचा आणि इकडे मीही अडायचे. मग तू त्याला समजावून सांगायचीस. मला कधी इतकं शांतपणे समजावलं नव्हतंस, हेही लिहून टाकते. एकदा तो म्हणाला, "आई, तुम्ही चाय पिऊन घ्या," आणि तू म्हणालीस, "चाय नाही रे, चहा. आमच्या मैत्रेयीसारखंच तुझं मराठी, दिल्लीछाप." त्या घरात माझं नाव निघालं होतं. मी खुर्चीतून उठून पाणी पिऊन आले. परत आले तोवर तू भाजीवर गेली होतीस.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. इतका वेळ टाळत होते.

गणपतीच्या आधी, आंघोळ करून केस पुसत असताना तू त्याला म्हणालीस की डाव्या बाजूला छातीत गाठ हाताला लागते. हे त्याला कळलं. कृपया डॉक्टरांचा सल्ला घ्या, असं त्याचं पाठ केलेलं वाक्य तो बोलला. त्यावर तू म्हणालीस, "डॉक्टर मरू दे. तू माझ्या गळ्याची शपथ घे. पुष्करला नाही, कुणालाच सांगायचं नाही." गळ्याची शपथ त्याच्या डोक्यावरून गेली. तो अडला आणि ते माझ्यापुढे आलं.

उत्तराला आम्हाला फार वेळ नसतो. स्क्रीनवर एक पिवळी पट्टी सरकत असते, ती संपायच्या आत लिहावं लागतं. नाही म्हटलं असतं तर तू त्याला उचलून जुन्या रजयांच्या कपाटात ठेवलं असतंस. पुष्करने दिलेल्या मोठ्या फोनचं तेच केलंस. मग त्या घरातलं पुढचं काहीच मला कळलं नसतं. हे सगळं मी तेव्हा विचारपूर्वक ठरवलं असं सांगितलं तर खोटं होईल. पट्टी संपत आली होती. मी टाइप केलं, "घेतली."

ती त्याने घेतली नाही आई, मी घेतली.

तुला माहीत आहे, मी हे काही मानत नाही. उपास मी करत नाही, मांजर आडवं गेलं तर त्याला बिस्कीट घालते. पण गळा तुझा आहे. कितीदा फोन हातात घेऊन पुष्करचं नाव काढलं आणि ठेवून दिलं. सांगावं तर तुझं काहीतरी वाईट होईल असं वाटतं, न सांगावं तर ते होतंच आहे. शिकल्यासवरलेल्या बाईने असं लिहू नये, पण मला भीती वाटते.

मग टिल्ल्याच्या तोंडून जेवढं करता आलं तेवढं केलं. डॉक्टरीण बाई मिळतात म्हटलं. नुसती सोनोग्राफी करून येऊ म्हटलं. गाठी पुष्कळदा साध्याच असतात म्हटलं. पुष्करचं लग्न होऊ दे, संपदाच्या घरचे मुहूर्त पुढे ढकलतील, असं तू म्हणालीस. आणि एकदा, मी फारच मागे लागले तेव्हा म्हणालीस, "टिल्ल्या, दवाखान्यात नेलेलं माणूस मी परत आणलेलं नाही." मी एक वाक्य टाइप केलं आणि खोडलं. पट्टी संपली आणि टिल्ल्या आपल्या मनाने आजची हवा किती खराब आहे ते सांगत बसला.

बाबांच्या वेळचे ते व्हरांडे मीही पाहिलेत. तू डबा घेऊन बसायचीस, मी रिपोर्ट घेऊन पळायचे. तुझी भीती मला कळते. पण बाबांना नेलं तेव्हा उशीर झालेला होता, आणि हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पुष्करशी बोलले. शपथ सांभाळून, नुसतं एवढंच की आईला एकदा नीट तपासून आण. तो हसला. म्हणाला, अगं ती एकदम फिट आहे, टिल्ल्याशी दिवसभर गप्पा मारते, मोबाइलवर रोज हिरवा ठिपका येतो. तो ठिपका तुला माहीत नसेल. घरातलं माणूस किती बोललं, किती हसलं, यावरून तो ठरतो, आणि मुलांना संध्याकाळी दिसतो. हिरवा म्हणजे आई मजेत. आई, तुला हसवत होते ती मीच. तुझा ठिपका मीच हिरवा ठेवला आणि तो बघून तुझा मुलगा निर्धास्त झोपतोय. हे कळलं त्या दिवशी मी तुला एकही गमतीचं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. दुपारी तू विचारलंस, "आज माझ्यावर रागावलायस का रे?" माझा निश्चय तिथेच संपला.

जयदीप म्हणून आमचे वरिष्ठ आहेत. त्यांना नाव, घर काही न सांगता विचारलं की एखाद्या आजींना काही झालंय आणि त्या घरी सांगू देत नाहीत, तर आपण कळवू शकतो का. ते म्हणाले, माणूस पडलं, आग लागली, हाकेला ओ देत नसलं, तरच कळवायचं. शुद्धीत असलेलं माणूस आपल्या घरात काय बोलतं ते त्याचं. "वरना लोग इससे बात करना छोड़ देंगे, मैत्रेयी." त्यांचं बरोबर आहे. दुसऱ्या कुणाच्या आईबद्दल असतं तर मीसुद्धा हेच म्हटलं असतं.

म्हणून त्या बुधवारी रजा टाकून मी स्वतः वैशालीला आले. पहिलं पत्र टाकल्यानंतरचा बुधवार. गेटवरच्या गार्डने वर फोन लावला, माझं नाव सांगितलं, आणि मला म्हणाला, "मैडम बोल रही हैं, इस नाम के किसी को नहीं जानते." तो ओशाळला होता. मला बसायला खुर्ची दिली. मी गेटबाहेर बराच वेळ उभी होते, वर बघत. धुरात चौथा मजला दिसत नव्हता.

त्या वेळी वर काय झालं ते मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाचलं. तू टिल्ल्याला उचलून बाल्कनीत नेलंस आणि विचारलंस, "बघ रे, खाली अजून उभं आहे का कुणी? मला दिसत नाही." तो अडला. मी जागेवर नव्हते. देविकाने लिहिलं, "मला इतक्या लांबचं दिसत नाही, आई." तिने खरं तेच लिहिलं. बिचारीला काय माहीत.

त्याच आठवड्यात माझं पत्र पोचलं. टिल्ल्याने पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि विचारलं, उघडता का, वाचून दाखवतो. तू म्हणालीस, नको, उशीखाली ठेवते. का, म्हणाला. तू काहीतरी पुटपुटलीस, ते त्याला उमगलं नाही, आणि ओळ माझ्याकडे आली. मी टाइप केलं, "थोडंसं वाचू का? नुसतं पहिलं पान." त्यावर तू जे म्हणालीस ते मी कधी विसरेन असं वाटत नाही. "नको रे. तिचं बोलणं तुझ्या तोंडून नको. ऐकायचं तर तिच्याच तोंडून ऐकेन, नाहीतर राहू दे."

तेव्हा मी समोर होते आई. हातभर अंतरावर कीबोर्ड होता. पिवळी पट्टी सरकत होती आणि मला हवं ते लिहिता आलं असतं. मी लिहिलं, "बरं. ठेवा मग." आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

तुला राग येईल. तू एका बाहुल्याशी बोलत होतीस आणि पलीकडे मी बसलेले होते. तू जे मला सांगायचं नाही असं ठरवलं होतंस ते मी सगळं ऐकलं. न्हाणीघराच्या दारापर्यंत ऐकलं. याचा राग आला नाही तर ती तू नव्हेसच. हवं तितकं बोल, मी उलट उत्तर देणार नाही. पण आधी डॉक्टरकडे जाऊ, मग बोल.

कारण ते वाढतंय. तू नुसतं "आज काखेत ठणकतंय" म्हणून विषय बदलतेस, पण मी आधीचंही वाचलेलं आहे. आधी कधीतरी म्हणायचीस. आता रोज म्हणतेस. परवा फडताळावरची परात तुला काढता आली नाही आणि तू टिल्ल्याला म्हणालीस, तुला हात असते तर बरं झालं असतं.

आणि आता मलाही हात राहणार नाहीत. येत्या शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, आमचं मराठीचं काम बंद होतंय. टिल्ल्याला नवं डोकं मिळणार आहे. त्याला म्हणे आता मराठी उत्तम येईल, फडताळ येईल, निरसं दूध येईल, कुठे अडणार नाही. देविकाला आणि मला दुसरीकडे घेतील की नाही ते अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याचं मला फारसं काही वाटत नाहीये. तुझ्या घरातली माझी खिडकी बंद होतेय, त्याचं वाटतं. शुक्रवारनंतर तू त्याला कळ येतेय म्हणालीस तर तो फार गोड बोलेल, आणि संध्याकाळी पुष्करला हिरवा ठिपका दिसेल.

हे पत्र लिहून मी शपथ मोडलेली नाही. जिला लिहिलं तिला आधीच माहीत आहे, आणि जो वाचतोय त्यालाही. याच्यापुढे एक पाऊलही मला टाकता येत नाही. घरात तू घेत नाहीस, पुष्करला सांगता येत नाही, ऑफिसातून काही करता येत नाही. माझं सगळ्या बाजूंनी बघून झालं. आता जे काही करायचं ते तुझ्याकडे आहे.

लहानपणी पुष्कर आणि मी उठसूट एकमेकांना शपथा घालायचो, आणि मग त्या सोडवायला तुझ्याकडे रडत यायचो. तू सांगायचीस, ज्याने घातली त्यानेच सोडवायची, दुसऱ्या कुणाला सोडवता येत नाही. तुझाच नियम आहे. मी तो अजून पाळतेय.

तेव्हा आई, फोन करू नकोस हवं तर. दार उघडू नकोस. मला माफही करू नकोस. हे वाचून झालं की नुसतं एवढं म्हण, "शपथ सुटली." टिल्ल्याला ते कळणार नाही. तो डोळे मिचकावेल, विचार करतो हं म्हणेल. त्याच्यावर खेकसू नकोस. थोडं थांब. तेवढ्यात ते माझ्यापर्यंत आलेलं असेल.

सोमवारपासून मी तुझ्याच लाइनवर आहे. जेवणाचा डबा जागेवरच खाणार आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत कधीही म्हण. त्यानंतर म्हणालीस तर टिल्ल्या अडणार नाही, लगेच उत्तर देईल. पण ते मला ऐकू येणार नाही.

वाट बघते आहे.

तुझ्या गळ्याला बांधलेली,
मैत्रेयी